ताईच्या जागी

आमच्या भरे गावातला मुलींचा कबड्डी संघ माझ्या चुलत बहिणीच्या हट्टातून उभा राहिला. मी तिला ताई म्हणते. मुलांचं मंडळ जुनं होतं, मैदान त्यांचंच समजलं जायचं. ताई सरळ तिथं जाऊन उभी राहिली. "सकाळी तुमी खेळा, सांच्याला आमी. मैदान काय कुणाच्या बापाचं न्हाई."

पोरं हसली. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलेच दोघं आमच्याबरोबर खडे वेचायला आले.

ओढण्या कमरेला बांधून आम्ही खेळायचो. पहिल्या सामन्याला लोक गंमत बघायला जमले होते. ताईनं एका चढाईत तिघींना बाद केलं, तेव्हा गप्प झाले. पुढच्या वर्षी तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. मी राखीव होते.

स्पर्धेच्या आधी गावात साखळीचा सराव चालला होता. ताईचा हात माझ्या हातात. चढाईला आलेल्या मुलीवर आम्ही दोघी झेपावलो, माझा पाय घसरला आणि मी सगळ्या भारानिशी ताईच्या गुडघ्यावर पडले. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती माती मुठीत धरून बसली.

तिच्या जागी मी खेळले. त्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर पुढं खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात लागले. ताई पुन्हा खेळली नाही. "तू काय मुद्दाम पाडलंस व्हय?" असं सगळे म्हणायचे, आणि मुद्दाम नव्हतंच पाडलं. पण संघात माझं नाव आल्याचं कळलं तेव्हा मी आधी हसले होते. ताईची आठवण नंतर झाली. हे मी कुणालाच सांगितलं नाही. गावी गेले तरी ती शेतावर असेल अशी वेळ बघून जायचे.

काही वर्षांनी ताईच पुण्यात माझ्या क्वार्टरवर आली. गावातल्या मुलींचा नवा संघ स्पर्धेला घेऊन. जिना लंगडत चढली, पाय लांब करून बसली.

"ताई, गुडघा..."

"पावसाळ्यात दुखतो. सारखी गुडघ्याकडंच बघतीस. तोंडाकडं बघ की जरा माझ्या!"

मी बघितलं. ती बरीच थकली होती, आणि हसत होती.

मुली दुसऱ्याच फेरीत हरल्या. एसटी सुटेपर्यंत ताई त्यांना झापत होती. मग खिडकीतून मला म्हणाली, "रविवारी ये शिकवायला. पोरींना पकड येत न्हाई."

मी हो म्हणाले. त्या रविवारी ड्युटी असल्याचं कळवलं. ड्युटी नव्हती.

गेले, पण तिसऱ्या रविवारी.