मोहफुलांच्या धुराआडचा तारा

काक्षीनं त्या वर्षी माझ्या डोक्याचा पार भुगा केला. मृगातला तो तांबूस तारा. मनात येईल तेव्हा याचं तेज उतरणार, मनात येईल तेव्हा चढणार. असं का होतं ते शोधायला खूप जणांनी खूप दिवस पाहावं लागतं, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून रोज तेज लिहावं लागतं. हे आम्हाला नागपूरच्या एका सरांनी शिकवलं होतं. ज्याच्या नोंदी पक्क्या, त्याला ते मे महिन्यात वेधशाळेच्या शिबिराला नेणार होते. मला जायचंच होतं. लग्नकार्य सोडून नागभीडच्या बाहेर मी गेलेच कधी होते?

मार्चमध्ये काक्षी खरंच उतरली. एरवी रोहिणीहून ठळक, ती तिच्या बरोबरीला आली. मी गच्चीवर एकटीच नाचले. दुसऱ्या दिवशी आणखी मंद, मग एकदम झकास, मग दिसेचना! अरे, एका दिवसात तारा इतका बदलतो होय? नाकात वास शिरला तेव्हा कुठं ट्यूब पेटली. मोहफुलं! वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि तो धूर संध्याकाळी पट्ट्यापट्ट्यानं आभाळात लटकतो. काक्षीवर पट्टा, रोहिणी मोकळी. बसा आता ताडत!

रडूही आलं आणि संतापही आला. भांडायचं कोणाशी? ती फुलं विकत घेणारे व्यापारी म्हणजे माझे अब्बाच. त्यावरच आमची चूल पेटायची. तरी जेवताना मी सगळं ओकून टाकलं. 

सकाळी गोदामावर फुलं घेऊन आलेल्या बायांना अब्बा म्हणाले, "बाई, आठ दिवस पाला जाळू नका जी. खराट्यानं झाडा. फूल मातकट आलं तरी मी घेतो. माह्या पोरीले तारा पाहाचा हाय."

"शेठ, पोरगी जोशीन होऊन राह्यली का?" एक जण हसली. पण त्यांनी ऐकलं.

आभाळ धुतल्यासारखं झालं. अब्बा रोज दिवेलागणीला मगरिबची नमाज झाली की गच्चीवर यायचे. मान दुखेपर्यंत बघायचे, आणि मी न विचारताच सांगायचे, "आज बी रोहिणीएवढीच हाय." तारा खरोखरच मंदावला होता! खाली गोदामात न खपणाऱ्या मातकट फुलांचा ढीग वाढत होता.

एसटीडी बूथवरून मी सरांना फोन लावला. अब्बा शेजारीच उभे होते. सर म्हणाले, "तुमच्या भागात या दिवसांत धूर असतो. या नोंदी धरता येणार नाहीत."

धूर नव्हता, थांबवला होता, मी ओरडून सांगत होते. ते 'बरं बरं' करत होते. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं? अब्बांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला.

"सर, नव्हता धूर. मी सोता पाह्यलं जी, रोज पाह्यलं. मले इचारा न."

पलीकडून सरांचा आवाज मलाही ऐकू आला, "तुम्ही शिक्षक आहात का?"  अब्बा हळू आवाजात म्हणाले, "नाई जी. मोहफुलाचा धंदा हाय माहा." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.