दोन बोटं पावलावर

तात्या डॉक्टर रुग्णाच्या खाटेशी आले की आधी वाकून त्याच्या पावलांवर दोन-दोन बोटं ठेवत. आजार छातीचा असो की डोळ्याचा. नवखी माणसं ओशाळून पाय आखडून घेत, "अवो साहेब, पाया कशापायी पडताय?" म्हणत. तात्या खेकसत, "पडत नाही बाबा, रक्त पोचलंय का ते बघतोय. ठेव पाय!" सोलापुरात त्यांचं लहानसं इस्पितळ होतं आणि मी त्यांचा मदतनीस डॉक्टर. मला ही म्हाताऱ्याची लहरच वाटायची.

मग यल्लप्पा आला. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून, पायानं पावडी दाबत जन्मभर लुगडी विणलेला माणूस. त्याच्या गुडघ्यामागे लिंबाएवढा फुगा आला होता आणि तो नाडीसारखा उडत होता. धमनीच फुगलेली, फुटली असती तर माणूस हाती लागला नसता. दुसरीकडे त्याला पाय कापायला सांगितलं होतं. "पाय न्हाय तर पावडी कोन दाबंल, साहेब?" एवढंच तो म्हणत राही.

तात्यांनी वर मांडीतच धमनी बांधायचं ठरवलं. फुग्याचा जोर ओसरला असता आणि लहान वाहिन्यांनी पाय जगवला असता. क्लोरोफॉर्म दिला, धमनी सापडली, तिच्याखालून दोराही गेला. मी असतो तर आवळून मोकळा झालो असतो. तात्यांनी आधी ती नुसती बोटानं दाबली. "गुडघ्यामागे हात ठेव. थांबलं?"

"नाही. उडतंय."

"आता?"

"उडतंयच, तात्या."

"मग याला आणखी एक असणार," ते शांतपणे म्हणाले. "पुस्तकातल्या पायाला एक असते. हा यल्लप्पाचा पाय आहे." त्यांचं बोट जरा आत सरकलं आणि शेजारीच तशीच जाड दुसरी धमनी वर आली. दोन्ही दाबल्या. माझ्या तळहाताखालची धडधड थांबली, तेव्हाच तात्यांनी दोन्ही बांधल्या. एकच बांधली असती तर फुगा उडतच राहिला असता. पुढे मी मोठमोठे शल्यविशारद पाहिले, पण तशी बोटं पाहिली नाहीत.

पाऊल मात्र पांढरं आणि गार पडलं होतं. तात्या येता-जाता त्यावर बोटं ठेवत. एका सकाळी मिलचा भोंगा वाजत असताना ते ओरडले, "ऊब आली रे!" यल्लप्पा ढसाढसा रडला.

तात्या गेले तेव्हा तो पायीच आला. पुढे होऊन वाकला. आम्हाला वाटलं, डोकं टेकवील. त्यानं तात्यांच्या पावलावर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ तसाच थांबला.

"लई गार हाय की," म्हणाला, आणि खांद्यावरचं स्वतः विणलेलं उपरणं काढून त्यानं ती पावलं गुंडाळली.