दगडाबाईंनी फॉर्म फाडला

दगडाबाईंशी गोड बोलून सुखरूप परत आलेला माणूस आमच्या वस्तीवर तरी नाही. "काकू, बऱ्या हाय ना?" म्हणावं, तर "का, मयताला यायचं हुतं?" हे उत्तर तयार.

गेल्या मार्चमध्ये त्यांचा अंगद चाकाच्या खुर्चीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. अंगद एकोणीस वर्षांचा. त्याचे स्नायू लहानपणापासून झिजत चाललेत. अकराव्या वर्षी चालणं थांबलं. बाप ऊसतोडीला गेलेला, म्हणून सावेडीतल्या दवाखान्यात कारभारी म्हणून आले दगडाबाईंचे दीर बन्सीभाऊ. गाडी माझी, शिव्या दगडाबाईंच्या, रुबाब बन्सीभाऊंचा.

फॉर्म त्यांनीच भरला. 'घराण्यात काही आजार?' नाही. 'पाय कशाने गेले?' पोलिओ. कारण असं, की त्यांच्या मुलीची, सृष्टीची, सोयरीक जमत आली होती आणि दवाखान्यातला कंपाउंडर नेमका मुलाकडच्या गावचा निघाला.

संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर सत्यशीला तपासायला आल्या. अंगदच्या पोटऱ्या दाबून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"पोलिओत पोटऱ्या अशा फुगत नाहीत. नक्की पोलिओच ना?"

"व्हय व्हय, पोलिओच," बन्सीभाऊ म्हणाले.

दगडाबाईंनी डॉक्टरांच्या हातातला फॉर्म ओढला आणि टराटरा फाडला. "पोलिओ झाला आसंल तुमच्या अकलेला, भावजी! ह्याचं मांस झिजतंय, डॉक्टरीणबाई. भूल द्यायच्या आधी सांगायचं, असं पुण्याच्या डॉक्टरनं दोनदा बजावलं हुतं."

"वैनी, हळू बोला. सृष्टीचं लगीन..."

"तिला दुसरा नवरा गावंल. मला दुसरा अंगद कोन देनार, तुमी?"

मग डॉक्टर बन्सीभाऊंवर कडाडल्या. भूल देताना वापरतात त्यातलं एक इंजेक्शन अशा रुग्णाला दिलं, तर हृदय टेबलावरच बंद पडू शकतं. भुलीचा वायूही टाळावा लागतो. "मरायला आणलंत का पोराला?" असं विचारून त्या दगडाबाईंकडे वळल्या. "तुमच्या माहेरी होतं का कुणाला?"

दगडाबाई वाकून फॉर्मचे तुकडे वेचू लागल्या.

"भाऊ," त्या शेवटी म्हणाल्या. "सतराव्या वर्षी गेला." वीस वर्षांत सासरी हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"मग हे आईकडून आलंय. चुलत्याच्या मुलीला याचा धोका नाही."

बन्सीभाऊंचा चेहरा असा उजळला, की पुतण्याचं हाड जुळलं असं वाटावं. फोन कानाला लावून ते व्हरांड्यात ओरडले, "आमच्या घराण्यातलं न्हाईच ते! वैनीच्या माहेराचं हाय!"

तिथलं ऑपरेशन रद्द झालं. अंगदला व्हेंटिलेटरची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, आधी हृदय तपासलं, सगळी भूल शिरेतून दिली. दोन दिवस आयसीयूत काढून तो शुद्धीत, आईच्या शिव्या खात, बाहेर आला.

सृष्टीचं लग्न झालं. दगडाबाईंना आवतण नव्हतं. बन्सीभाऊ अजून चहाच्या टपरीवर येईल त्याला वैनीच्या माहेरचा आजार सांगतात. मला राग आला. "काकू, एकदा जाऊन त्यांचं तोंड बंद करा की."

"गप रं शहान्या," त्या म्हणाल्या. "बोंबलू दे मेल्याला. उद्या मी नसताना अंगदला कुनी दवाखान्यात नेलं, तर नेनाऱ्याला ठावं तर आसंल."