सहा माणसं, चार रॉड
माझ्या सासऱ्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो. हे वाढतच जाणार, असं संभाजीनगरच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर सांगितलं. दवाखान्यातून बजाजनगरला आमच्या घरी येताना ते गाडीत म्हणाले, "हात धड हाय तोवर एकदा समुद्रातला मासा धरायचा होता." लासूर स्टेशनजवळ त्यांची शेती. नाथसागर जलाशयाच्या कडेला गळ टाकून बसण्यात त्यांची चाळीसेक वर्षं गेली, पण समुद्र त्यांनी फक्त काठावरून पाहिलेला.

कोकणातल्या एका बंदरावर हौशी लोकांना मासेमारीला नेणारी बोट मिळाली. दोघांसाठी अख्खी बोट कशाला, म्हणून इतरांबरोबर दोन जागा घेतल्या. मी फोनवर अकरा प्रश्न विचारले आणि उत्तरं कागदावर लिहून घेतली. माणसं सहा, रॉड चार. वेळ पाच तास, पण धक्का सोडल्यापासून धक्क्याला लागेपर्यंत. जाण्यायेण्यात दीड तास जातो, म्हणजे मासेमारी साडेतीन तासच. मासा ज्यानं ओढला त्याचा नाही, सगळ्यांत वाटायचा. उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. भरल्या पोटी जायचं नाही, उपाशीही नाही. कुणी जाणार असेल तर एवढं आधी विचारावंच. बारावा प्रश्न मला सुचला नाही: मासा लागला की रॉड कुणी हातात घ्यायचा?

ते बोटीवर कळलं. रॉड मागच्या कडेला खोचलेले, दोऱ्या पाण्यात आणि बोट सतत चालू. बोट हाकणाऱ्या तांडेलानं सगळ्यांना नंबर दिले. कुठल्याही रॉडला मासा लागो, ज्याचा नंबर त्यानं उठायचं. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, तिसरा, माझा चौथा. पहिल्या दोघांनी दीड तासात एकेक मासा काढला. मग तिसऱ्यांदा रीळ करकरलं.

"जावईबापू, घ्या तुम्ही."

"मामा, नंबर तुमचाय."

"म्हणून काय झालं? जावयाच्या आधी मी हात घालू व्हय?"

त्यांच्या घरी बावीस वर्षांत मी घास उचलल्याशिवाय कुणी जेवलेलं नाही. आणि मीही त्यांच्याआधी कधी खुर्चीत बसलेलो नाही. मी हात मागे बांधून उभा राहिलो. दहा सेकंद गेले असतील. दोरी सैल पडली, मासा सुटला.

"बोटीत मान नसता, काकानू, नंबर असता," तांडेल म्हणाला. "तुमचो गेलो."

"माशानं मात्र मानपान उरकून घेतलं," पहिल्या नंबरचे गृहस्थ म्हणाले. सगळे हसले, मामाही हसले. मग ते बाकावर बसले आणि उजवा हात त्यांनी मांडीखाली घातला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अडचण फक्त जावयाच्या मानाची नव्हती. पाच माणसांसमोर तो हात पुढे करायचा होता.

परत फिरायला चाळीस मिनिटं उरली असताना माझ्या नंबरला रीळ वाजलं. पुन्हा "तुम्ही घ्या" म्हटलं असतं तर तेच झालं असतं. मी रॉड उचलला, पाच वेळा रीळ फिरवलं आणि म्हणालो, "मामा, मला नाय जमत. सुटंल आता. धरा."

हे निम्मं खरं होतं. ते उठले. "सरका," म्हणाले.

रॉडचं टोक थरथरत होतं. माशामुळे की हातामुळे, हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. मी मागून त्यांच्या कमरेचा पट्टा घट्ट धरून ठेवला आणि दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. नऊ मिनिटं लागली. सुरमई निघाली, तांडेलाच्या काट्यावर दोन किलो आठशे.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्यांनी सासूबाईंना फोन लावला. "जावयानं धरला. मी नुसता हात लावला."

चुकीची नोंद मला सहन होत नाही. मी फोन मागून घेतला. "मामी, तसं नाय. मी पाच वेळा रीळ फिरवलं. बाकी नऊ मिनिटं मामांनीच ओढला."

 मामींनी विचारलं, "हात लई दुखतोय का त्यांचा?"

मी मामांना विचारलं.

"दुखतोय म्हणावं," ते म्हणाले. "डावा बी."