मागच्या बाजूचं सोनं

दक्षिण थायलंडमधल्या हातयाय शहराच्या बाहेर, मासळी गोठवायच्या गोदामांच्या रांगेला लागून एक लहानसा कारखाना आहे. तिथे रबराच्या पट्ट्या निघतात: दाराच्या फटीत बसणाऱ्या, पत्र्याची धारदार कड झाकणाऱ्या, नावेच्या झाकणाखाली दबून पाणी अडवणाऱ्या. या पट्ट्यांना आकार देणारे डाय एकोणचाळीस वर्षं लुंग थविन कापत होते. लुंग म्हणजे काका. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचेच ते काका होते, आणि घरी मात्र त्यांना काका म्हणणारं कोणी नव्हतं.

डाय म्हणजे पोलादाची जाड चकती आणि तिच्या मधोमध एक वेडंवाकडं भोक. भोक वेडंवाकडंच लागतं. रबर त्यातून बाहेर पडलं की फुगतं, जाड जागी जास्त आणि बारीक जागी कमी. म्हणून सरळ पट्टी हवी असेल तर भोक हिशेबाने वाकडं कापायचं. नवख्या माणसाने नकाशा आणि डाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर म्हातारा पिऊन कामाला बसला होता असंच त्याला वाटेल. लुंग थेंबभरही पीत नसत. किती वाकडं कापायचं ते त्यांच्या बोटांना कळायचं, आणि बोटांना कसं कळतं हे त्यांना स्वतःला कधीच सांगता आलं नाही.

कारखान्यात एक जुना रिवाज होता. डायवाल्याने मशीनला हात लावायचा नाही आणि मशीनवालीने कानशीला. मशीन लमायचं होतं. बाई पंचेचाळिशीची, आवाज मशीनच्या वर. लुंग डाय थाळीत ठेवून खिडकीतून द्यायचे, लमाय ती मशीनच्या तोंडावर चढवायची आणि पट्टीचा तुकडा त्याच खिडकीतून परत यायचा. वीस वर्षं दोघांचं असंच चाललं होतं.

एका गुरुवारी वर्षाची गुरुपूजा झाली. लुंगच्या गुरूंच्या फोटोपुढे केळी, उकडलेली अंडी आणि फुलं मांडली होती, आणि सगळ्यांची हत्यारं ओळीने ठेवली होती. दर वर्षी लुंग सगळ्यात नव्या डायला पांढऱ्या गंधाचे तीन ठिपके लावत आणि वर सोन्याचा वर्ख चिकटवत. वर्ख लावायचा तो मागच्या बाजूला, जिथून रबर आत शिरतं तिथल्या उतारावर. गुरू म्हणायचे, पुढची बाजू गिऱ्हाइकाची, मागची आपली. त्या वर्षीचा नवा डाय होता गोदामाच्या दारांच्या पट्टीचा. पट्टीला दाराच्या कडेवर बसायला एक खाच होती आणि बाजूला एक पातळ ओठ. दार लागलं की तो ओठ दबायचा आणि थंडी आत कोंडून ठेवायचा.

याआधी लमाय पूजेच्या आठवड्यात नेमकी माहेरी असायची आणि वर्खाचा डाय दुसरं कोणीतरी चढवायचं. या वर्षी ती हजर होती.

शुक्रवारी पट्टी निघाली ती ओठ वर मुडपलेली. लुंगनी तुकडा उजेडात धरला, मग डोळ्यांजवळ नेला, मग चष्मा पुसून पुन्हा धरला.

"लमाय, रबर कुठलं घातलंस?"

"नेहमीचंच. का हो? मी काय घरून आणते?"

"गरम जास्त झालं असेल."

"काटा बघा या. नाही तर नकाच बघू, तुम्हाला काटा दिसायचा नाही."

ही त्यांची रोजची थट्टा. पण त्या दिवशी लुंगना ती लागली. त्यांनी डाय परत मागवला आणि नकाशाशी, जुन्या डायशी, स्वतःच्या टिपणाशी ताडून पाहिला. सगळं बरोबर होतं. मग पट्टी चुकीची कशी? एकोणचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं, म्हणजे आता वयाने हात चुकायला लागला असेल, असा त्यांनी अर्थ लावला.

मालकांची मुलगी ओराथाय आता कारखाना बघायची. लहानपणी ती लुंगच्या बाकाखाली बसून लोखंडाचा कीस गोळा करायची. तिने तुकडा पाहिला आणि मऊ आवाजात म्हणाली, "लुंग, गोदामवाल्यांना बुधवारी पट्टी द्यायची आहे. मंगळवारपर्यंत जमलं नाही तर मी बँकॉकहून यंत्रावर कापलेले डाय मागवते. मग सगळेच तिथून घेऊ. तुम्ही दमलात."

"दमलो नाही, नू," लुंग म्हणाले. 'नू' म्हणजे पोरी. "चुकलोय."

"तेच म्हणते मी."

ती तेच म्हणत नव्हती, हे लुंगना कळलं. पण मग कोण काय म्हणतंय, याचाही त्यांना नीट उलगडा होईना.

शनिवारी त्यांनी ओठाच्या जागी भोक कानशीने हलकंसं उघडलं. पट्टी निघाली ती उलट्या बाजूला मुडपलेली. रविवारी सुट्टी होती. घरी ते कच्च्या भाज्यांचा कालवलेला भात पुढ्यात घेऊन बसले आणि भाताला हात न लावता अंगठा बोटांवर घासत राहिले. बोटं तीच होती. सोमवारी त्यांनी खाचेच्या कोपऱ्यातूनही थोडं काढलं. या वेळी पट्टी जवळपास सरळ आली, पण खाच इतकी सैल की कडेवर टिकेना. आता त्यांना वाटू लागलं की आपण डायला जे सांगतो त्याच्या उलटच तो करतो.

एक गोष्ट तेवढी धीर देत होती. डाय तीनदा मशीनवर जाऊन आला तरी मागचा वर्ख जसाच्या तसा होता. दर वर्षी पहिल्याच दिवशी रबर तो खरवडून नेई. गुरूंना काहीतरी सांगायचं असणार, असं लुंगना वाटलं. काय ते मात्र कळत नव्हतं.

मंगळवारी दुपारी खिडकीच्या दोन बाजूंना दोघं जेवायला बसले. लमायने कोळंबीबरोबर परतलेले सतोच्या शेंगांचे उग्र वासाचे दाणे खिडकीतून सरकवले.

"खा. उपाशी राहून ओठ सरळ होणार आहे का?"

"लमाय, हे बघ." त्यांनी डाय उचलला. "वर्ख अजून आहे. एवढं रबर गेलं यातून, तरी आहे. ही गुरूंची कृपाच नाही का?"

"जाईल कसा?" लमाय दाणा चावत म्हणाली. "मी त्याला रबर लागूच देत नाही. सोन्याची बाजू बाहेर ठेवून चढवते."

लुंगचा घास तोंडातच राहिला. "बाहेर?"

"मग? गुरूंचं सोनं मशीनच्या घशात ढकलू? तिथे काळी घाण असते, लुंग! पाप लागेल मला. गुरूंनी आपल्याकडे बघावं म्हणून उलटा लावला. सगळ्या चकत्या दोन्हीकडून बसतातच की."

आधी लुंगना हसू आलं. मग त्यांनी डाय हातात फिरवला, कानस लागलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, आणि हसू जिथल्या तिथे राहिलं. शुक्रवारी डाय बरोबर होता. उलटा लावल्याने रबर आत शिरायचा उतार बाहेर गेला, म्हणून पट्टी चुकली. आणि जो डाय बरोबर होता, तो त्यांनीच दोन दिवस बसून बिघडवला होता. कापलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. बाकीचं सगळं त्यांनी तपासलं, लमायला रबर विचारलं, काटा विचारला, पण ती चकती कशी चढवते हे मात्र विचारलं नाही. त्याआधीच संशय घेतला तो स्वतःच्या हातावर.

लमाय जेवण सोडून उठली. "लुंग, मी काही... मी आत्ताच ओराथायला जाऊन सांगते."

"गप जेव."

ओराथायला त्यांनीच सांगितलं. "डाय मी बिघडवला. आज दुसरा कापतो."

"काय झालं होतं?"

"मला कळलं नव्हतं."

तिला आणखी विचारायचं होतं, पण ते केव्हाच बाकावर जाऊन बसले होते. नकाशा त्यांनी काढलाच नाही. दुपारभर कानशीचा आवाज येत होता. तो मधेच थांबायचा, आणि तेव्हा लमाय खिडकीतून डोकावायची. दर खेपेला लुंग चकतीवर बोट ठेवून नुसते बसलेले दिसायचे. पूर्वी ते असे थांबत नसत.

बुधवारी सकाळी पट्टी निघाली. ओठ सरळ होता आणि खाच घट्ट. ओराथायने तुकडा दाराच्या कडेवर बसवून ओढून पाहिला. पट्टी सुटेना. "बँकॉक राहू दे," एवढंच म्हणून ती गेली. लमायने खिडकीची चौकट धरून आनंदाने आरोळी ठोकली. लुंगनी मात्र तोच तुकडा चारदा मोजला. चारही वेळा माप बरोबर आलं, आणि चारही वेळा त्यांना पाचव्यांदा मोजावंसं वाटलं.

मग त्यांनी बिघडलेला डाय पुसला आणि दार उघडून वीस वर्षांत पहिल्यांदा मशीनपाशी गेले. तो त्यांनी मशीनच्या वरच्या खिळ्यावर अडकवला, सोन्याची बाजू बाहेर करून.

"हा तुझ्याकडे बघेल. कामाचा मात्र सुलटा लाव."

"लावते," लमाय म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"आणि जेवण झालं की आत ये. कानस धरायला शिकवतो."

ती आली. लुंगनी तिचं बोट नव्या चकतीच्या मागच्या उतारावरून हळू फिरवलं.

"काही लागतंय बोटाला?"

"काहीच कळत नाही हो, लुंग."

"मलाही पाच दिवस कळत नव्हतं," लुंग म्हणाले. "परत फिरव."