मानाचे सात कुर्ते

नोकरीच्या पहिल्याच दिवशी भोईटेकाकांनी माझी कॉलर दोन बोटांत धरून चुरगाळली आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं विचारलं, "हे कापड मापानं घेतलंस की वजनावर?" मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून लखनऊला आलो होतो. घराण्यातला पहिला पदवीधर. तो शर्ट वडिलांनी मुलाखतीसाठी शिवून घेतला होता. सगळे हसले. संध्याकाळी मात्र काकाच मला आपल्या शिंप्याकडे घेऊन गेले, स्वतः उभं राहून खांदा बेतून घेतला आणि शिलाईही त्यांनीच दिली. त्या उपकाराची जाण मला आजही आहे. पण त्यांची माया कधी नुसती मिळत नसे. आधी टोचणी, मग माया.

गणपतराव भोईटे मूळचे साताऱ्याकडचे, आमच्या सरकारी कंपनीत कारकून. पगार माझ्याहून थोडाच जास्त. तो हातात पडला की ते चौकातल्या दुकानात जात आणि निम्मा तिथेच ठेवून येत. हातकामाचे चिकनकारी कुर्ते, त्यांतही सुईचं सगळ्यांत बारीक काम असलेले. एकेका कुर्त्यावर कारागीर बाई महिनोन्‌महिने बसते, असं ते अभिमानानं सांगत. काकू दोन सुती साड्यांवर वर्ष काढत. मुलगी विद्या आईच्या जुन्या साड्यांचे सलवार-कमीज शिवून कॉलेजला जाई. मी एकदा भीतभीत विषय काढला, तेव्हा काका म्हणाले, "अरे, पोटात काय आहे ते कुणी उघडून बघतं का? अंगावरचं तेवढं लोक बघतात."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आमच्याही अंगावरचं बघतात की. बघून तोंड फिरवतात."

विद्याला छावणीतल्या सुभेदार जाधवांच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा अमौसीला विमानतळावर नोकरीला होता, स्वभावानं सरळ. विद्याला तो मनापासून आवडला होता, हे काकूंनीच मला सांगितलं. बोलणीच्या दिवशी काका सर्वांत भारी कुर्ता घालून बसले. किंमत कुणी विचारली नव्हती, तरी सांगितली. जाधवबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आम्हाला हुंडा नको, सोनंनाणं नको," त्या म्हणाल्या. "आमची मानाची सात माणसं आहेत, त्यांना मानपानाचे कपडे करा. फक्त तुमच्या अंगावर आहे त्याच प्रतीचे. त्याहून हलकं दिलंत, तर आम्हाला हलकं समजलात असं होईल."

विद्या दारातून बापाकडे टक लावून बघत होती. झेपणार नाही, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. काका हसले. "सातच?"

दुकानदाराकडे आधीचीच उधारी थकली होती. आणखी उधार द्यायला त्यानं हात जोडले. लग्न जवळ आलं. मग एके दुपारी काकांनी कपाट उघडलं आणि आपले सात उत्तम कुर्ते पलंगावर मांडले. प्रत्येकावरून हात फिरवला. "प्रत तीच," ते मला म्हणाले. "आणि कुर्ता सैलच असतो, माप कोण बघतंय?" खळ झाली, इस्त्री झाली, दुकानातून नवे खोके आणले. या माणसानं शेवटी मुलीसाठी अंगावरचं काहीतरी उतरवलं, असं मला त्या दिवशी वाटलं.

सीमांतपूजनाला ताटं मी धरली होती. जाधवबाईंनी पहिला कुर्ता उलगडला, कापडाला हात लावला, मान डोलावली. मग गळ्याची पट्टी उलटली. आत काळ्या शाईचे तीन ठिपके आणि एक आडवी रेघ होती. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून धोबी प्रत्येक घराची अशी खूण करतो; ती धुऊन जात नाही. भोईट्यांच्या घरात ती इतकी रोजची होती, की आमच्यापैकी कुणालाच दिसली नव्हती.

बाईंनी दुसरा उलटला, तिसरा उलटला. सातही उलटले.

"व्याही, अंगावरून उतरलेली कापडं आम्ही मोलकरणीला देतो."

सुभेदारांनी मध्ये पडून सांगितलं, की पोरीचा दोष नाही, लग्न होईल. बाई विद्याकडे वळल्या. "पोरगी आमची. बाप मात्र आमच्या दारात नको. चालेल का गं?"

विद्या घरातही हिंदीच बोलायची. हळदीच्या हातांनी पदर सावरत, बापाकडे न बघता ती म्हणाली, "नहीं आएँगे, मम्मी जी. मैं ही मना कर दूँगी."

काका ताठ बसून होते. कुर्त्याला चुणी पडू नये म्हणून ते नेहमीच तसे बसत.

त्यानंतर छावणीत काकू एकट्याच जाऊ लागल्या.

पुढे माझी नागपूरला बदली झाली. काका मला निरोप द्यायला चारबाग स्टेशनवर आले. अंगात नवाकोरा कुर्ता होता. गाडी सुटायला थोडा वेळ होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, "विद्याला भेटून आलास?"

"हो, काल गेलो होतो. बरी आहे."

"काय नेसली होती?"

"गाऊन होता, काका. घरातला."

"विटलेला?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हो."

ते बाहीवरचा एक टाका अंगठ्यानं चाचपत राहिले. शिट्टी झाली तेव्हा त्यांनी मला डब्यात चढवलं, ट्रंक आत सरकवली. मी खिडकीशी बसून त्यांचा हात धरायला बाहेर वाकलो. त्यांनी तो मागे घेतला.

"खिडकीला टेकू नकोस," ते म्हणाले. "शर्ट मळेल."