पांढरं नेसून लग्नाला

“सुतकात आहेस का गं?”

कल्याण मंडपाच्या, म्हणजे इथल्या मंगल कार्यालयाच्या दारात मधुराच्या आईने मला हे विचारलं. सगळ्यांदेखत. चंदन-कुंकवाचं तबक माझ्यापुढे आलं होतं, ते तिने हाताने मागे सारलं. लग्न तिच्या मुलाचं; नवरी मद्रासची, म्हणून इथे. मधुरा नवरदेवाची बहीण. इथल्याच वेलचेरी भागातल्या फ्लॅटमध्ये ती आणि मी एकत्र राहायचो, एकाच कंपनीत कामाला होतो.

मी पांढरं रेशमी नेसले होते. सोनेरी काठाचं, भावाच्या लग्नात आईने घेतलेलं. आमच्याकडे नवरी पांढरं नेसते, करवलीही. यापेक्षा चांगलं माझ्याजवळ काही नव्हतं.

पण खरं सांगते, मी काही भोळी नव्हते. मधुराच्या घरी हे चालत नाही, मला पक्कं ठाऊक होतं. सकाळी आरशासमोर तासभर घुटमळले. मग मनाशी म्हटलं, हे मद्रास आहे, इथे केरळच्या बायका असंच नेसतात. खपून जाईल. दीड वर्ष असंच खपवत आले होते. ‘तुम्ही कोण?’ विचारलं की गावाचं नाव सांगायचं. बुद्धवंदनेची पुस्तिका कपड्यांखाली दडवायची. वर त्यालाच शहाणपण म्हणायचं.

मधुराच्या आईने मला आतल्या खोलीत नेलं. एका पिशवीतून जांभळी साडी काढून पलंगावर टाकली.

“ही गुंडाळ. कामवाल्या बायकांना द्यायला आणल्यात, त्यातली आहे. नवी आहे हो!”

मी मधुराकडे पाहिलं. वाटलं, ही तरी काही बोलेल. बोलली.

“राहू दे ना आई. केरळची मैत्रीण आहे म्हणून सांगू.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तू फक्त मराठी बोलू नकोस हं.”

मराठी बोलू नकोस. मला! माझ्या आज्यानं ज्या भाषेत शिव्या खाल्ल्या, आईनं ज्या भाषेत मला निजवलं, ती गिळून मुकाट बसायचं. लाज वाटली. मधुराची नाही, स्वतःची. कारण ही थाप तिच्या आधी मीच मारली होती, सकाळी, आरशातल्या मला.

“मी लातूरची,” मी म्हणाले. आवाज चढला होता, चढू दिला. “आम्ही बौद्ध. आमच्यात लग्नाला पांढरंच नेसतात.”

दारातून दोन बायका आत डोकावल्या.

“तरीच,” मधुराची आई म्हणाली. मग मला सोडून मुलीला विचारलं, “एकाच ओट्यावर स्वयंपाक करता तुम्ही?”

मधुरा ती जांभळी साडी घडी घालून पिशवीत ठेवू लागली.

मी त्याच पांढऱ्यात जेवायला गेले. पहिल्या पंगतीत, केळीच्या पानावर, मधोमध बसले. पानातलं सगळं संपेपर्यंत उठले नाही. शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

सोमवारी मधुरा फ्लॅटवर आली. चप्पलही न काढता म्हणाली, “आईला बरं वाटत नाहीये या सगळ्याने. तू दुसरीकडे बघशील का? समजून घे ना.”

समजून घेण्यात आमच्या चार पिढ्या गेल्या.

“भाड्याच्या करारावर माझीही सही आहे,” मी म्हणाले. “मी कुठेही जाणार नाही. ओटा तोच राहील, भांडी तीच राहतील. तुला विटाळ होत असेल तर तू जा.”

आणि तिच्यासमोरच कुकर चढवला.